सुपरव्हिजनला उभे राहताय? या चुका टाळा

बोर्डाच्या परीक्षेच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एका वर्गखोलीत, 25 विद्यार्थी आणि आपण एकटे. कॉपी करणारा काहीतरी अफलातून शक्कल लढवत असेल अशी आपली समजूत असते. माझ्या इतक्या वर्षांच्या ड्युट्यांमध्ये तरी तसं फारसं दिसलं नाही. पोरं आपली मान खाली जायची वाट बघतात, एवढंच. आणि ती पहिल्या अर्ध्या तासातच जाते, उत्तरपत्रिकांवर सह्या करताना.

बारावीचा गणिताचा पेपर घ्या. पहिल्याच प्रश्नात आठ बहुपर्यायी उपप्रश्न, प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 16 गुण. पोरं ते आधी उरकतात. नेमकं तेव्हाच आपण बाकावर वाकून हॉलतिकिटावरचा फोटो, बैठक क्रमांक आणि बारकोड ताडत असतो. खिडकीकडच्या रांगेतल्या हुशार मुलाने कपाळाला तीन बोटं लावली की शेजारच्या रांगेत दोघा-तिघांचं उत्तर ‘क’ होतं. वेळ लागतो चार सेकंद.

म्हणून सह्या एका दमात उरकू नका. मागच्या भिंतीपासून सुरुवात करा, म्हणजे उरलेला ब्लॉक नजरेसमोर राहतो. चार-पाच सह्या झाल्या की पेन थांबवून सगळीकडे बघा. दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या. पुरवणी देतानाही तेच: नोंद करायला टेबलाशी जाऊन बसू नका, कागद हातातल्या पॅडवर ठेवा.

दुसरा घोळ खुर्चीचा. फळ्याजवळ बसलेला पर्यवेक्षक कुठे बघतोय हे पंचवीसही जणांना दिसतं. मागे उभं राहिलात की कुणालाच कळत नाही. तासन्‌तास फेऱ्या मारायची गरज नाही, उलट बुटांच्या आवाजावरून तुम्ही कुठे आहात ते पोरं ओळखतात.

पेपर सुरू होण्याआधी ब्लॉक रिकामा असताना बाकांवरून एकदा तिरकी नजर टाका. पेन्सिलीने लिहिलेली सूत्रं समोरून दिसत नाहीत, उजेड तिरका पडला की चमकतात. खिडकीची चौकट, बाकाखालचा कप्पा, कंपासपेटीचं झाकण, परवानगी असेल तर लॉग टेबलची पानंही बघा. पट्टी, खोडरबर, प्रश्नपत्रिका यांची देवाणघेवाण होऊ देऊ नका. प्रश्नपत्रिकेवर उत्तरं लिहून ती बदलणं ही जुनीच युक्ती आहे. आणि पाणी वाटणाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. ग्लासाखालून चिठ्ठी आलेली मी स्वतः पकडली आहे.

आता सापडल्यावर काय, इथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. एकदा एका केंद्रावर मला जमिनीवर चिठ्ठी दिसली आणि जवळच्या मुलीवर मी सगळ्यांसमोर ओरडलो. चिठ्ठीतलं अक्षर तिचं नव्हतंच. मागच्याने पायाने पुढे सरकवली होती. तिचा पेपर त्या दिवशी बिघडला तो बिघडलाच. तेव्हापासून मी चिठ्ठी कुणाच्या हातात, उत्तरपत्रिकेत किंवा कपड्यांत प्रत्यक्ष दिसल्याशिवाय नाव घेत नाही. झडती स्वतः घेऊ नका. मुलींची तर महिला शिक्षिकेनेच घ्यायची. चिठ्ठी फाडायची नाही, खिशात घालायची नाही. उत्तरपत्रिकेसह बाजूला ठेवून वेळ लिहा आणि केंद्रसंचालकांना बोलवा. लेखी जबाब, अहवाल वगैरे पुढचं ते बघतात.

‘आपल्याच गावची पोरं, जाऊ द्या’ असं म्हणणारे सहकारी भेटतील. त्यांना 1982 च्या गैरप्रकार प्रतिबंधक कायद्याची आठवण करून द्या. त्यात मदत करणाराही गुन्हेगार ठरतो. 2025 च्या परीक्षेत, आधी गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांवर बोर्डाने बाहेरच्या शाळांचे केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक नेमले, ते उगाच नाही.

राहिली शेवटची दहा मिनिटं. 2023 पासून वाढीव वेळ पेपरच्या शेवटी मिळतो, आणि पुरवण्यांना दोरा बांधायची गडबडही तेव्हाच असते. पोरं मान वळवून ‘दोरा दे’ म्हणतात आणि उत्तर विचारतात. दोरे आधीच प्रत्येकाच्या बाकावर ठेवा. घंटा झाल्यावर कुणालाही उठू देऊ नका. उत्तरपत्रिका तुम्ही गोळा करा, बैठक क्रमांकानुसार लावा, मोजा. हजर जितके तितक्या भरल्या की मगच दार उघडा. एक कमी भरली तर पोरं अजून बाकांवरच आहेत, शोधायला फार लांब जावं लागत नाही.