किल्ल्याच्या मातीआधी दगडांची पिशवी

दसरा झाला की बेळगावात गल्लोगल्ली पोरांना दिवाळीच्या किल्ल्याचे वेध लागतात. माती कुठून आणायची, दगड कुणाच्या बांधकामावरून उचलायचे, यावर बैठका झडतात. आमची दोघं, सात आणि दहा वर्षांची, घरीच शिकतात. त्यांचं दगडमातीचं शिक्षण मी दसरा ते दिवाळी या वीसेक दिवसांतच उरकते. पाऊस ओसरलेला असतो, दगड धुऊन निघालेले असतात, ओढ्याचे काठ उघडे पडलेले असतात. यंदा तुम्हीही मुलांना घेऊन निघणार असाल, तर तयारी आठवडाभर आधी सुरू करा.

पहिली पिशवी. जुनं दप्तर चालेल, पण पट्टे तपासा. दगड वाटतात त्यापेक्षा जड निघतात आणि परतताना ते ओझं आपल्याच खांद्यावर येतं. वर्तमानपत्राचे पंधरा-वीस तुकडे घ्या, एकेका दगडाला एकेक. पहिल्या वर्षी मी सगळे दगड एकत्र कोंबले होते. घरी येईपर्यंत कुठला कुठला ते कुणालाच आठवेना, आणि धाकटा हटून बसला की सगळे त्याचेच. आता जागेवरच दगडावर व्हाइटनरचा ठिपका द्यायचा, तो सुकला की पेनानं आकडा घालायचा आणि वहीत त्या आकड्यापुढे गाव, तारीख, दगड ओढ्यात पडला होता की कड्यातून निघाला, एवढं लिहायचं. नाव लिहायची घाई नको. नाव मिळालं की मुलं दगडाकडे बघायची थांबतात, हा माझा अनुभव.

हातोडीबद्दल जरा सविस्तर सांगते. सुताराची हातोडी नेऊ नका. तिनं काळा दगड फोडताना एक कपची माझ्या गालाला लागली होती. दोन बोटं वर असती तर डोळाच होता. गवंड्याची जड हातोडी घ्या, डोळ्यांवर गॉगल सगळ्यांनी लावायचा, बघणाऱ्यांनीही, आणि फोडायचं काम मोठ्यांनीच करायचं. खरं तर लहानांना हातोडीची गरजच नाही. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात ताजा फुटलेला काळा दगड आयता मिळतो. आतून काळाभोर आणि बाहेरून तपकिरी गंज चढलेला असा एखादा तुकडा सापडला, की झीज म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग तपासणीचा डबा. तांब्याची जाड तार, लोखंडी खिळा, कडांना चिकटपट्टी लावलेला काचेचा तुकडा आणि एक गारगोटी. कशानं काय ओरखडतं ते बघायचं. फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड मांडली, तिच्यात तांबं तीनच्या आसपास येतं, काच साडेपाचच्या आणि गारगोटी सातावर. स्वयंपाकघरातल्या उरलेल्या टाइलची मागची खरबरीत बाजूही डब्यात टाका. तिच्यावर दगड घासला की भुकटीचा खरा रंग दिसतो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नदीच्या कोरड्या वाळूतून फिरवलं की काळे कण चिकटून येतात. पिशवी उलटी करून काढली की कण सुटतात, नाहीतर चुंबक साफ करण्यातच संध्याकाळ जाते. दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच. व्हिनेगरची छोटी बाटलीही हवी: काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यावर थेंब टाकला की बुडबुडे येतात, काळ्या दगडावर येत नाहीत.

जायचं कुठं? एकाच दिवशी सगळं बघायला जाऊ नका. पहिला दिवस घराजवळच, जांभ्याचा. जुन्या घरांचे चिरे आणि विहिरींचे काठ मुलांनी रोजच बघितलेले असतात. लाखो वर्षांच्या पावसानं खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा जांभा. ओला असताना कापता येतो, उघड्यावर वाळला की कडक होतो. म्हणूनच फ्रान्सिस ब्युकॅननने 1807 मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट म्हटलं. जांभ्याखालचा काळा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा.

दुसरा दिवस गोकाकचा. घटप्रभा तिथं सुमारे 52 मीटर खाली उडी घेते, आणि ती ज्या वालुकाश्मावरून पडते तो लाव्ह्याच्याही कितीतरी आधीचा. थर मोजायला वही काढा, पण काठाच्या ओल्या खडकावर पाय ठेवू नका. दुपारनंतर परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, म्हणून पहाटेच निघा.

बैलहोंगलकडे नातलग असतील तर मूठभर काळी माती मागवून घ्या. तिकडचे कन्नडभाषक शेतकरी तिला 'एरे मण्णू' म्हणतात. वहीत दोन्ही नावं लिहा. खानापूरच्या कुंभाराकडून त्याच्या चाकावरचा एक गोळाही मागा. मग तीन बरण्यांत तीन माती (या दोन आणि एक घराजवळची), वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि खिडकीत ठेवा. वाळू मिनिटाभरात बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं.

परवानगीचं आधी बघा. चालू खाणीत मुलांना नेऊ नका, बंद खाणीत साठलेल्या पाण्याजवळ तर मुळीच नको. भीमगडच्या अभयारण्यातून आणि राजहंसगडासारख्या किल्ल्यांवरून दगड उचलायचे नाहीत. तिथं फक्त चित्र काढायचं.

पाण्याच्या बाटल्या, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, पट्टी, चिवडा.

आणि शेवटचं: बरण्यांतली माती फेकू नका. कुठली माती उभी भिंत धरते आणि कुठली वाळल्यावर तडकते हे मुलांनी वहीत लिहिलेलं असेल, तर वसुबारसेला किल्ल्याच्या तटाला कुठला गोळा लावायचा यावर भांडण होईल. आमच्याकडे गेल्या वर्षी झालं. थोरलीचा बुरूज टिकला, धाकट्याचा दोन दिवसांत फुटला, आणि त्यानं वहीत स्वतःहून लिहिलं, 'एरे मण्णू नको.'