रॅम मोकळी करायचीय? आधी ती खातंय कोण ते बघा

गणपती तोंडावर आले की फ्लेक्सवाल्यांचे फोन सुरू होतात. तालमींचे, म्हणजे कोल्हापुरातल्या मंडळांचे बॅनर रांगेत पडलेले, डिझाइनचं कोरल ड्रॉ अडकलेलं आणि मागणी ठरलेली: "भावा, मशीन लई स्लो झालंय, एखादा रॅम क्लीनर टाकून दे की." मी टाकत नाही. 'रॅम बूस्टर' नावाखाली फुकट मिळणारी बहुतेक सॉफ्टवेअरं म्हणजे निव्वळ धूळफेक. फुकटात मिळणारी कामाची चीज वेगळी आहे, ती म्हणजे रॅम नेमकी कुठं गेली ते दाखवणारी साधनं. ती मायक्रोसॉफ्टचीच आहेत. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. "मी रोज रात्री बंद करतो की" असं म्हणणाऱ्याला मी टास्क मॅनेजरमध्ये (कोण काय वापरतंय ते दाखवणारं विंडोजमधलं साधन) सीपीयूच्या पानावरचा 'अप टाइम', म्हणजे मशीन किती वेळ चालू आहे ते दाखवतो. तिथं बऱ्याचदा कितीतरी दिवस साचलेले असतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर (वायफायसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) डिस्कवर जसेच्या तसे लिहून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. एखाद्या ड्रायव्हरनं दाबून ठेवलेली मेमरीही मग तशीच परत येते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधलं नको ते डिसेबल करा. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्स चालू करा. झालं, यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

आकडे वाचायचे कसे

खरी गोची इथं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर या. हे पान सुरुवातीला मलाही वाचता यायचं नाही. वरचा टक्केवारीचा आकडा बघून लोक घाबरतात आणि क्लीनर शोधायला लागतात. तो आकडा सध्या बाजूला ठेवा.

'कॅश्ड' म्हणजे वाया गेलेली रॅम नाही. तुम्ही मघाशी उघडलेल्या फायली, प्रोग्रामचे तुकडे पुन्हा लागतील म्हणून विंडोज रॅममध्ये धरून ठेवतं. दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली की त्यातली बहुतेक जागा लगेच देऊन टाकतं, म्हणून ती 'अव्हेलेबल'मध्ये मोजलेली असते. २००७ साली विस्टा आलं तेव्हापासून विंडोजमधलं सुपरफेच हेच काम करतंय. आता त्याचं नाव सिसमेन. ते बंद करा म्हणून सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत, त्यांच्या नादाला लागू नका. रॅम रिकामी दिसावी म्हणून विकत घेत नाही आपण, वापरायला घेतो.

क्लीनर नेमकं काय करतो तेही समजून घ्या. चालू प्रोग्रामनी रॅममध्ये धरलेली पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, तो विंडोजकरवी सोडायला लावतो. 'इन यूज'चा आकडा दाणकन खाली येतो, गिऱ्हाईक खूश. पण कामाची पानं कुठं जाणार? काही स्टँडबाय यादीत, म्हणजे वरच्या 'कॅश्ड'मध्येच जातात. ज्यांच्यात बदल झालाय ती डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) लिहिली जाऊ शकतात. दुकानातला माल रस्त्यावर काढून ठेवायचा आणि दुकान मोठं झालं म्हणायचं, तसला हा उद्योग. मग तुम्ही कोरलच्या खिडकीवर क्लिक करता. खिडकी पांढरी राहते, कर्सर गोल फिरतो, जुनी हार्ड डिस्क असेल तर तिचा दिवा पेटतो तो विझत नाही. मघाशी हाकललेली पानं एकेक करून परत येत असतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विंडोजमधलाच रीसोर्स मॉनिटर उघडा, मेमरी टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स'चा, म्हणजे डिस्कवरून पानं आणावी लागण्याचा आलेख बघत बसा आणि क्लीनरचं बटण दाबा. पुढं मला काही समजवावं लागत नाही.

रॅम खरोखर कमी पडतेय की नाही, हे तोच आलेख सांगतो. एखादी मोठी फाइल उघडताना तो उसळला तर काळजी नाही. काही न उघडता, साधं काम करतानाही सतत वर असेल तर रॅम अपुरी आहे.

आता 'कमिटेड'. तिथं एका तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे असतात. डावीकडचा म्हणजे सगळ्यांनी मिळून विंडोजकडून कबूल करून घेतलेली मेमरी. उजवीकडचा म्हणजे विंडोज जास्तीत जास्त किती कबूल करू शकतं ते, म्हणजे रॅम आणि पेज फाइल यांची बेरीज. डावा आकडा उजव्याला भिडला की प्रोग्राम पडतात, 'लो ऑन मेमरी'ची पाटी येते, मग रॅम थोडी मोकळी दिसत असली तरी. "पेज फाइल बंद कर, मशीन पळतं" हा सल्ला देणाऱ्याला म्हणूनच मी लांबूनच नमस्कार करतो. पेज फाइल बंद केली की उजवा आकडा कोसळतो आणि ८ जीबीच्या मशीनवर फोटोशॉप मोठ्या फ्लेक्सच्या मधोमध मान टाकतं. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स, तिथं ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरी असं जा आणि सगळ्यात वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज'ची खूण चालू ठेवा. आणि सी ड्राइव्ह मोकळा करा. डेस्कटॉपवर गेल्या वर्षीच्या शिवजयंतीचे बॅनर गठ्ठ्यानं पडलेले असतील तर पेज फाइलला वाढायला जागाच उरत नाही.

कोण किती खातंय ते बघायला प्रोसेसेस टॅबवर विसंबू नका. डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'कमिट साइझ' हा कॉलम घ्या आणि त्यावर क्लिक करून क्रम लावा. क्लीनर चालवला तरी हा आकडा हलत नाही, कारण तो खरा आहे.

फोटोशॉपवाल्यांसाठी एवढंच: फाइल बंद केली तरी फोटोशॉप घेतलेली मेमरी सोडत नाही, ते मुद्दामच तसं बनवलंय. एडिट मेन्यूत पर्ज आहे, त्यातलं ऑल दाबा. त्यानं अनडू जातं हे ध्यानात ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये त्याचा वाटाही कमी करता येतो. तो आपसूक ७० टक्क्यांवर ठेवलेला असतो.

हिशेब जुळत नसेल तर

कधीकधी डिटेल्समधली बेरीज ३ जीबी भरते आणि इन यूज मात्र ७ दाखवतं. अशा वेळी रॅममॅप लागतं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं सिसइंटर्नल्स २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतलं, त्यांच्या साधनांपैकी हे एक. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा. तसल्याच नावाच्या इतर साइट्सवर 'फ्री डाउनलोड'ची हिरवी बटणं असतात, त्यांना हात लावू नका. इन्स्टॉल करायचं नसतं, झिप उघडा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

पहिल्याच पानावर मेमरीचा हिशेब प्रकारवार मांडलेला असतो. 'प्रोसेस प्रायव्हेट' मोठं असेल तर खाणारा तुमचाच प्रोग्राम. 'ड्रायव्हर लॉक्ड' मोठं असेल तर बहुधा व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) चालू आहे. 'नॉनपेज्ड पूल', म्हणजे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांनी कायम रॅममध्येच ठेवलेली मेमरी, एरवी काहीशे एमबीत असतो. तो गीगाबाइटच्या पुढं गेला आणि तासातासाला चढतच चालला, तर एखादा ड्रायव्हर गळतोय, म्हणजे घेतलेली मेमरी परत देत नाही. ही गळती जगातला कुठलाही क्लीनर थांबवू शकत नाही, कारण ही मेमरी पेज फाइलमध्ये जातच नाही. रीस्टार्ट करून आकडा लिहून ठेवा, दुपारी परत बघा. चढला असेल तर नेटवर्क किंवा वायफायचा ड्रायव्हर आणि बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस हे माझे पहिले दोन संशयित. अँटिव्हायरस काढून बघा, ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची सॉफ्टवेअरं नकोत, ती क्लीनरचीच भावंडं. त्यानंही नाही कळलं तर विंडोज ड्रायव्हर किटमध्ये पूलमॉन नावाचं फुकट साधन येतं. त्यात गळणाऱ्या ड्रायव्हरची चार अक्षरी खूण दिसते.

रॅममॅपमध्ये 'एम्प्टी' मेन्यूही आहे. तो मापं घ्यायला आहे, रोज दाबायला नाही.

एवढं सांगूनही कुणी क्लीनरच हवा म्हणून बसला तर मेम रिडक्ट नावाचं द्यावं. सोर्स कोड खुला आहे, आकारानं बारकं आहे, जाहिराती नाहीत. फक्त त्यातली आपोआप साफ करायची सोय बंद ठेवा.

हार्ड फॉल्ट सतत वर आणि गळती कुठंच नाही, तर सॉफ्टवेअरचं काम संपलं, रॅम घ्या. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानाचा फोटो काढून न्या. 'स्लॉट्स यूज्ड' आणि वेग तिथंच लिहिलेला असतो. रॅमचा प्रकार डीडीआर ३, ४ की ५ ते नक्की करून घ्या, एकाची कांडी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर आधी ६४ बिटचं टाका, नाहीतर नेहमीच्या विंडोजवर ४ जीबीच्या वरची रॅम नुसती बसून राहील.