अपघातातली इजा आणि नो-फॉल्ट विमा: या चुका टाळा

"चूक समोरच्याची आहे, मग मी माझ्या इन्शुरन्सला कशाला कळवू?" अमेरिकेत गाडीला अपघात झाला की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न हाच असतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन, फ्लोरिडा अशा नो-फॉल्ट राज्यांत तो फार महागात पडतो. नो-फॉल्ट म्हणजे कुणाचीच चूक नाही, असं नव्हे. चूक कुणाची याचा निकाल लागेपर्यंत जखमी माणसाचे उपचार अडू नयेत, म्हणून खर्च आपल्याच पॉलिसीतल्या पीआयपी, म्हणजे पर्सनल इन्जुरी प्रोटेक्शन, या भागातून आधी दिला जातो.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाट पाहणं. न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीला अपघाताची लेखी सूचना ३० दिवसांत द्यावी लागते. फोनवर बोललो, क्लेम नंबरही मिळाला, म्हणून निर्धास्त राहू नका. नो-फॉल्टचा अर्ज, म्हणजे एनएफ-२ फॉर्म, भरून पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. फ्लोरिडात तर पहिले उपचार १४ दिवसांच्या आत घेतले नाहीत, तर पीआयपीतून वैद्यकीय खर्च मिळत नाही. "मान थोडी आखडलीय, दोन दिवसांत बरी होईल" म्हणत तीन आठवडे काढलेला माणूस तिथे हात हलवत परत येतो. मानेचं आणि पाठीचं दुखणं अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवा आणि दुखणं अपघातानंतर सुरू झालं, हे केसपेपरवर लिहून घ्या.

दुसरी चूक इमर्जन्सी रूमच्या काउंटरवर होते. घाईत आपण नेहमीचं हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड पुढे करतो. काही आठवड्यांनी ती कंपनी 'हा वाहन अपघात आहे' म्हणून बिल परत पाठवते, आणि तोवर नो-फॉल्टकडे बिल पाठवण्याची मुदत सरत आलेली असते. न्यूयॉर्कमध्ये ती उपचाराच्या तारखेपासून ४५ दिवस आहे. हॉस्पिटलला, फिजिओथेरपिस्टला, एक्स-रेवाल्यांना, सगळ्यांना क्लेम नंबर स्वतःहून द्या. न्यू जर्सीत मात्र हेल्थ इन्शुरन्सने आधी पैसे द्यावेत असा पर्याय पॉलिसीत निवडता येतो. आपण तो निवडलाय का, हे आजच पाहून ठेवा.

भारतातून आलेल्या आई-बाबांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. रस्ता ओलांडताना त्यांना गाडीने धडक दिली, की मुलं थेट व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद शोधू लागतात. न्यूयॉर्कमध्ये पादचाऱ्याच्या उपचारांचा खर्च धडक देणाऱ्या गाडीच्या नो-फॉल्ट विम्यातून मिळतो. मूळ मर्यादा माणशी ५०,००० डॉलर. म्हणून त्या गाडीचा नंबर आणि तिच्या विमा कंपनीचं नाव तिथल्या तिथे टिपून घ्या, पोलीस रिपोर्टची प्रत मागवा. वय झालेल्या माणसाला हाड मोडून दवाखान्यात राहावं लागलं, तर ही माहिती हाताशी असणं फार मोठा आधार आहे.

पगार बुडाला तर तोही मागायचा असतो, हे बरेचजण विसरतात. न्यूयॉर्कमध्ये बुडालेल्या पगाराच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,००० डॉलर मिळतात. शिवाय टॅक्सी, घरकामाची मदत अशा वाजवी खर्चासाठी दिवसाला २५ डॉलरपर्यंत, एक वर्ष. पावत्या जपून ठेवा.

गाडीच्या दुरुस्तीचा पीआयपीशी संबंध नाही. तो वेगळा क्लेम.

विमा कंपनी तिने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायला बोलावते, ती तारीख चुकवू नका. जमत नसेल तर आधी लेखी कळवून बदलून घ्या. गैरहजेरी हे क्लेम नाकारायला पुरेसं कारण ठरतं.

आणि वेदना-मनस्तापाची भरपाई पीआयपीत नसते. ती हवी असेल तर समोरच्यावर दावा करावा लागतो, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी इजा कायद्याच्या व्याख्येत 'गंभीर' असावी लागते. हाड मोडणं त्यात येतं. न्यू जर्सीत हप्ता कमी व्हावा म्हणून दाव्याचा हक्क मर्यादित करणारा पर्याय अनेकजण न वाचता निवडतात.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, तर ते फाइलमध्ये सारून गप्प बसू नका. त्यात कारण लिहिलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये कोर्टाऐवजी लवादाकडेही जाता येतं. अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन ते काम पाहते.