फोन करू, मेल टाकू की व्हॉट्सअ‍ॅप?

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी टाकलेला निरोप दुपारपर्यंत 'गुड मॉर्निंग' आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. मग 'मला कळलंच नाही' हे ऐकावं लागतं. पाठवण्याआधी मी आता एवढंच बघते:

१. उत्तर तासाभरात हवंय? सरळ फोन. उचलला नाही तर 'फोन करा' एवढंच न लिहिता कामाचं एका ओळीत लिहायचं: 'कोटेशनमधला जीएसटी १८ टक्केच धरायचा ना?' समोरचा मीटिंगमध्ये बसूनही 'हो' लिहू शकतो.

२. तारीख, रक्कम, मंजुरी, रजा असेल तर मेलच. सहा महिन्यांनी शोधावं लागतं ते हेच. विषयाच्या जागी नुसतं 'अर्जंट' नको, 'मार्चचं बिल : शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी' असं लिहायचं.

३. चूक दाखवायची असेल तर जागेवर जाऊन, एकट्याला गाठून. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, साधं वाक्यही लागतं.

सगळ्यात उपयोगी पडलेली सवय म्हणजे फोनवर काही ठरलं की लगेच दोन ओळींची मेल टाकायची: 'आत्ता बोलल्याप्रमाणे माल सोमवारी निघेल, भाडं आपल्याकडे.' वरिष्ठांना अशी मेल टाकायला संकोच वाटत असेल तर शेवटी 'काही चुकलं असल्यास कळवावे' जोडा, कुणी वाईट मानत नाही.

फक्त रागात असताना मेल लिहिलीत तर ती ड्राफ्टमध्येच ठेवा. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात.