दिल्लीत सकाळी फिरायला निघताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा बेत ठरलेला असतो. दुपारची गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली, हॉटेलात सामान टाकलं की आंघोळ करून थेट लाल किल्ला. पहिली सकाळ इथेच वाया जाते, कारण लाल किल्ला साडेनऊला उघडतो. कुतुब मिनार आणि हुमायूँचा मकबरा सूर्योदयालाच उघडतात, जामा मशिदीत पर्यटकांना साधारण सातपासून सोडतात आणि अक्षरधामला दहाच्या आधी जाऊन उपयोग नाही. यादीतलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण आधी धरण्यापेक्षा कोणतं दार किती वाजता उघडतं ते बघून क्रम लावा. मग एका सकाळीत तीन ठिकाणं निवांत होतात. नाहीतर नऊपर्यंत हॉटेलात टंगळमंगळ आणि अकराला लाल किल्ल्याबाहेरच्या रांगेत उन्हात, असा दिवस जातो.

सोमवारचा घोळ

शुक्रवारी निघायचं, शनिवार-रविवार दिल्ली, सोमवारी संध्याकाळच्या गाडीने परत. सुट्ट्यांचं गणित म्हणून हे उत्तम. पण ‘रविवारी गर्दी असते, लाल किल्ला सोमवारी सकाळी करू’ असं म्हणून तो शेवटी ठेवला की फसगत होते. सोमवारी लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय आणि प्रधानमंत्री संग्रहालय हे सगळं बंद असतं. कुतुब, हुमायूँचा मकबरा, पुराना किल्ला, जंतर मंतर, लोदी गार्डन, जामा मशीद आणि गुरुद्वारे मात्र सोमवारीही उघडे. म्हणून लाल किल्ला शनिवारी किंवा रविवारी उरकायचा आणि सोमवारची सकाळ कुतुबला द्यायची.

आपल्या बऱ्याच गाड्या आग्रा कँटला थांबतात, त्यामुळे जाता-येता ताजमहालही जोडला जातो. तो शुक्रवारी बंद असतो. सोमवार आणि शुक्रवार यांची अदलाबदल करून दोन्हीकडे बंद दार बघणारे दर हंगामात निघतात.

आणखी दोन काळ लक्षात ठेवा. स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी १५ ऑगस्टच्या आधी काही काळ लाल किल्ला पर्यटकांसाठी बंद असतो. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आधी आठवडाभर संचलनाची तालीम चालते, ती नेमकी सकाळीच. कर्तव्य पथ आणि आसपासचे रस्ते तेव्हा बंद असतात आणि २३ जानेवारीच्या रंगीत तालमीला तर मध्य दिल्लीत गाडी घालूच नये. इंडिया गेट बघायचं असेल तर त्या दिवसांत संध्याकाळ बरी, किंवा सरळ वगळा.

‘सकाळ’ म्हणजे नक्की किती वाजता?

नागपूरच्या घड्याळावर दिल्लीची सकाळ आखू नका. जानेवारीच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य ६:५० च्या सुमारास उगवतो, दिल्लीत सव्वासातला. उत्तरेकडचं शहर, त्यामुळे हिवाळ्यात तिथला दिवस आपल्यापेक्षा लहान. जूनमध्ये मात्र दिल्लीतही साडेपाचच्या आत उजाडलेलं असतं. म्हणजे ‘सहाला कुतुबच्या दारात’ हा बेत मे-जूनमध्ये अचूक, आणि जानेवारीत अंधारात कुडकुडत उभं राहण्याचा.

डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, ते लोक गृहीत धरतात. दिवाळीनंतरच्या हवेचा विचार मात्र फार थोडे करतात. ‘पहाटेची हवा शुद्ध’ हा आपला समज त्या दोन-तीन महिन्यांत दिल्लीला लागू पडत नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असला की धूर आणि धूळ खालीच कोंडते. ऊन चढून तो थर मोडेपर्यंत, म्हणजे दहा-अकरापर्यंत, हवा दिवसातली जवळजवळ सगळ्यात वाईट असते. घरात दमेकरी, लहान मूल किंवा हृदयविकाराचं माणूस असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत पहाटेची पायपीट नकोच. तेव्हा दहानंतर संग्रहालयाने सुरुवात करा, मोकळ्यावरची ठिकाणं दुपारी दोन ते पाचमध्ये घ्या.

सकाळच्या फेऱ्यांसाठी खरे चांगले महिने म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते मार्च, आणि सप्टेंबरअखेर ते दिवाळीच्या आधी.

उन्हाळ्याबद्दल नागपूरकरांना सांगायला जावं तर हसतील. ४५ अंश आपल्याला नवे नाहीत. पण आपण त्या उन्हात दुपारी घरात असतो आणि दिल्लीत पर्यटक म्हणून दगडी अंगणात, तेही कधी कधी अनवाणी. जामा मशिदीचं अंगण तापायला नऊ वाजणंही पुरतं. पायमोजे जवळ ठेवा, आणि मे-जूनमध्ये बाहेरचं सगळं दहाच्या आत आटपा.

उजेड कुठल्या बाजूने येतो

भल्या सकाळी पोचूनही फोटो काळे का येतात, याचं कारण फोनचा कॅमेरा नसतो. इमारतीचं तोंड कुठे आहे, ते बघा.

हुमायूँच्या मकबऱ्यात आपण पश्चिम दरवाजातून शिरतो. सकाळी सूर्य मकबऱ्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे समोर दिसणारी बाजू सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक. सगळे तिथेच थांबून फोटो काढतात. चौथऱ्याला वळसा घालून पूर्वेच्या बागेत जा. लाल दगड आणि संगमरवरी घुमट सकाळच्या उन्हात तिथून दिसतो, आणि त्या बाजूला माणसंही कमी असतात. लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा पश्चिमेला, चांदणी चौकाकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी तोही सावलीत. त्याचा दर्शनी फोटो दुपारनंतरचाच.

जामा मशिदीत उलट आहे. नमाज पश्चिमेकडे तोंड करून होते, म्हणून मुख्य इमारतीचं तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन थेट तिन्ही घुमटांवर आणि कमानींवर पडतं. राष्ट्रपती भवनाचा दर्शनी भागही पूर्वेला आहे, त्यामुळे विजय चौकातून रायसिना टेकडी सकाळीच बघावी. इंडिया गेट मात्र राष्ट्रपती भवनाच्या बाजूने बघितलं तर सकाळी सूर्य समोर येतो. पलीकडे नेताजींच्या पुतळ्याच्या छत्रीकडे जाऊन मागे वळून बघा.

एवढं कळलं की कोणती जागा सकाळी आणि कोणती दुपारी, हे निम्मं ठरूनच जातं.

स्टेशन, सामान, मेट्रो

नवी दिल्ली स्टेशनाला दोन तोंडं आहेत. फलाट क्रमांक १ पहाडगंजच्या बाजूला, १६ अजमेरी गेटच्या बाजूला. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. घाईत पहाडगंजकडे उतरलात तर पूर्ण पूल ओलांडून परत यावं लागतं, आणि वाटेत ‘मेट्रो आज बंद आहे’, ‘तिकिटाचं ऑफिस तिकडे आहे’ असं सांगणारे भेटतात. त्यांच्याशी बोलायलाही थांबू नका.

गाडी हजरत निजामुद्दीनला पोचत असेल तर ती अडचण समजू नका. हुमायूँचा मकबरा तिथून रिक्षाने काही मिनिटांवर आहे. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं (बॅगेला कुलूप हवं, कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत), फ्रेश व्हायचं आणि सरळ मकबऱ्यात. लागूनच ‘सुंदर नर्सरी’ नावाचं मोठं उद्यान आहे, मुलांना पळायला आणि आजी-आजोबांना बसायला. मोठ्या बॅगा घेऊन स्मारकाच्या दारात जाण्याची चूक करू नका, तिथे त्या कुणी सांभाळत नाही.

कुतुब मिनार नावाचं मेट्रो स्टेशन मिनाराजवळ नाही. दोघांत दीड-दोन किलोमीटरचं अंतर आहे, तेही रहदारीच्या रस्त्याने. बाहेर आल्यावर ई-रिक्षा किंवा ऑटो करा. मिनारावर चढायला मिळेल अशी आशा मुलांना दाखवू नका. १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर आतला जिना बंद आहे.

मेट्रोत जाण्याच्या दिशेचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. कुटुंबासोबत म्हणून पुरुष त्यात शिरले तर दंड होतो. आणि रविवारी सकाळी पिंक, मॅजेंटा अशा काही मार्गांवर पहिली गाडी रोजच्यापेक्षा उशिरा सुटते. आदल्या रात्री दिल्ली मेट्रोच्या अॅपवर वेळ बघून ठेवा.

कुतुब आणि हुमायूँच्या मकबऱ्याचं तिकीट भारतीयांना ऑनलाइन ३५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना माफ. दारातला क्यूआर स्कॅन करून तिकीट काढायला सगळे एकदम धडपडतात आणि नेटवर्क तिथेच दगा देतं. रात्रीच हॉटेलात तिकीट काढून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तारीख दोनदा तपासा, तिकीट त्या दिवसापुरतंच असतं.

हॉटेलचा फुकटचा नाश्ता महागात पडतो

‘कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट’ सुरू होतो साडेसात-आठला. सहा जणांचं कुटुंब पराठे, टोस्ट आणि दुसरा चहा संपवून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ. तोवर ऑफिसची रहदारी रस्त्यावर आलेली असते आणि पहाटे पाऊण तासात होणारा पहाडगंज-मेहरौली रस्ता दुप्पट वेळ खातो. आदल्या रात्री रिसेप्शनला सांगून नाश्ता बांधून घ्या, किंवा सोडून द्या.

सकाळी तर्री पोह्यावर वाढलेल्या माणसाला जुन्या दिल्लीतली बेडमी-आलू आवडली नाही असं सहसा होत नाही. उडदाच्या डाळीचं सारण असलेली जाडसर पुरी आणि वर झणझणीत बटाट्याची पातळ भाजी. बरोबर नागोरी-हलवा, म्हणजे छोट्या खुसखुशीत पुऱ्या आणि रव्याचा शिरा. हे सकाळचंच खाणं, दुपारपर्यंत संपतं. थंडीत दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत ‘दौलत की चाट’ मिळते. नाव चाट असलं तरी ती दुधाच्या फेसाची गोड मिठाई आहे. ऊन लागलं की फेस बसतो, म्हणून सकाळीच खावी.

जुन्या दिल्लीची सकाळ, वेळेसकट

सातला जामा मशीद, पाऊण तास. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, हाफ पँटवाल्यांना दारातच लुंगी गुंडाळावी लागते. शुक्रवार टाळा. पावणेआठला नाश्ता. साडेआठला चांदणी चौकाच्या किल्ल्याकडच्या टोकाला या: लाल जैन मंदिर, त्याला लागून गौरीशंकर मंदिर, थोडं पुढे शीशगंज गुरुद्वारा. १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांचं बलिदान झालं ती ही जागा. डोक्यावर रुमाल हवा, तो तिथेही मिळतो. गौरीशंकर मंदिर १७६१ मध्ये आपा गंगाधर या मराठा सरदाराने बांधलं असं सांगतात. किल्ला उघडायची वाट बघत बाहेर उभं राहण्यापेक्षा हा पाऊण तास कितीतरी चांगला.

सव्वानऊला लाहोरी दरवाजाच्या रांगेत. आत किमान दोन तास धरा. दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून बघा: तिथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवलं होतं. पानिपतच्या आधी मराठी फौज पैशासाठी किती टेकीला आली होती, ते तिथे उभं राहिल्यावर नीट कळतं.

चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर नऊच्या आत गाडीने पोचवा. नंतर सायकल रिक्षा, भाडं बसण्याआधी ठरवून. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात आणि रविवारी बरीच बंद असतात. खरेदी करायची असेल तर हा सगळा क्रम शनिवारी लावा.

बिघडलंच तर

*गाडी चार-पाच तास उशिरा.* धुक्याच्या दिवसांत हे होतंच, म्हणून पहिल्या दिवसाचं कुठलंही तिकीट आधी काढू नका. हुकलेल्या सकाळीच्या मागे धावू नका. दुपारी तीनला हुमायूँचा मकबरा घ्या, तेव्हा पश्चिमेची बाजू उन्हात असते.

*लाल किल्ला अचानक बंद.* सुरक्षेच्या कारणाने असं होऊ शकतं. तिथून ऑटोने पुराना किल्ला गाठा, तो सूर्योदयापासून उघडा असतो.

*अक्षरधामला पोचलात आणि हातात फोन, पॉवर बँक.* काहीच आत नेता येत नाही. सगळं जमा करण्याच्या रांगेत अर्धा तास जातो. म्हणून ते सकाळच्या यादीत घालूच नये. सामान हॉटेलात ठेवून दुपारी तीननंतर जा.

*आजोबा दमले.* कुतुबनंतर मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान गाळा, ती खूप चालायची जागा आहे. त्याऐवजी बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात सरोवराकाठी बसवा. लंगरमध्ये जेवणही होतं, तिकीट नाही.

*जुलै-ऑगस्टमध्ये सकाळीच धो-धो पाऊस.* मिंटो पुलाखाली पाणी साचतं आणि कॅनॉट प्लेसच्या आसपास गाड्या अडकतात. कॅब रद्द करून मेट्रोने जा आणि त्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय उरका. फक्त तो दिवस सोमवार नाही ना, ते आधी बघा.