अंगभर कपडे आणि रात्रीचा गाऊन : निवडताना या चुका टाळा

दुकानातल्या आरशासमोर आपण सरळ उभे राहतो, हात खाली सोडतो आणि कपडा पसंत करतो. घरी आणल्यावर मात्र तोच कपडा घालून आपण दिवसभर वाकतो, बसतो, दोरीवर कपडे वाळत घालतो, आणि त्झनिउतच्या, म्हणजे ज्यू धर्मातील शालीनतेच्या, नियमांत तो उणा पडतो तो नेमका याच वेळी. ठाण्यातल्या आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांत आणि इस्राएलला स्थायिक झालेल्या नातलगांकडे कपड्यांच्या ज्या तक्रारी मी वर्षानुवर्षे ऐकत आले, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ हेच आहे. ऑर्थोडॉक्स रिवाजातले सर्वसाधारण माप असे की गळ्याखालचे हाड झाकलेले असावे, बाहीने कोपर झाकावे, झग्याचा काठ बसल्यावरही गुडघ्याखाली राहावा आणि विवाहित स्त्रीने केस झाकावेत. तपशिलात समाजासमाजात फरक आहे, विशेषतः सलवार-कमीज आणि स्त्रियांसाठी शिवलेला पायजमा यांविषयी मते वेगवेगळी आहेत. तेव्हा शंका आल्यास आपल्या रब्बींना विचारावे, शेजारणीला नव्हे.

रात्री कोण पाहणार, असे समजणे

ही सर्वांत मोठी चूक. ‘मी आतल्या खोलीत आहे, मला कोण पाहते’ असे माणसाने म्हणू नये, कारण ईश्वराचे तेज सर्व जग व्यापून आहे, असे शुल्हान अरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीलाच कपडे घालण्याच्या नियमांत सांगितले आहे. शिवाय निजण्यापूर्वीचा शेमा, म्हणजे ईश्वर एकच असल्याची ग्वाही देणारी प्रार्थना, आपण रात्रीच्या कपड्यांतच म्हणतो. कोकणात आमच्या पूर्वजांना हिब्रू प्रार्थनांचा विसर पडला तरी शेमा त्यांच्या ओठांवर राहिला, असे आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. तो शेमा ज्या कपड्यात म्हणायचा, तो विटलेला आणि गळा लोंबणारा असावा, हे मला कधीच पटले नाही.

बाजारात मिळणारे बहुतेक गाऊन तीन ठिकाणी अपुरे पडतात : गळा खोल असतो, बाही दंडावरच संपते आणि कापड विरळ असते. यांतला पहिला दोष सर्वांना दिसतो, तिसरा मात्र दुकानाच्या दिव्यांत लपतो. कापडाचा एकच पदर तळहातावर पसरावा आणि उजेडाकडे धरावा. बोटे मोजता आली, तर आत परकर घालावाच लागेल किंवा अस्तर लावावे लागेल. फिकट रंगाचा सुती गाऊन घालून सकाळी खिडकीकडे पाठ करून उभे राहावे आणि घरातल्या कोणा स्त्रीला समोरून पाहायला सांगावे, म्हणजे उरलेली शंका फिटते.

ओढणीच्या भरवशावर गाऊन घेणे, ही आपल्याकडची खास सवय. दाराची घंटा वाजली की ओढणी अंगावर टाकून दार उघडायचे, हे आपण सर्वच जणी करतो. पण कडेवर मूल असेल किंवा हातात दुधाचे पातेले असेल, तर ती ओढणी सावरायची कोणी? माझी बहीण अश्दोदला राहते. तिथे रॉकेट हल्ल्याचा सायरन वाजल्यापासून आसऱ्याला पोहोचायला ४५ सेकंद मिळतात, आणि जुन्या इमारतींत सर्व शेजारी एकाच जिन्यात किंवा तळघरात जमतात. म्हणून तिने एकच कसोटी ठेवली आहे : ज्या गाऊनमध्ये त्या जिन्यात उभे राहता येणार नाही, तो घ्यायचा नाही.

हाताशी असलेला गाऊन टाकून देण्याची मात्र गरज नसते. पुढची चेन खोल असेल, तर आतून त्याच रंगाच्या कापडाची पट्टी लावून वर टिच बटण बसवावे. बाळाला पाजणाऱ्या स्त्रीला अशी पट्टी फार सोयीची पडते. बाही आखूड असेल, तर जोड द्यावा. बाही रुंद असेल, तर हात वर केला की ती खांद्यापर्यंत घसरते, म्हणून तिच्या काठाला सैलसर इलॅस्टिक घालावे. शिवून घेणार असाल, तर सुती कापड आधी भिजवून वाळवावे. पहिल्याच धुण्यात ते आटते आणि गुडघ्याखाली चार बोटे राखलेली लांबी दोनावर येते.

दिवसाचे कपडे

स्कर्ट किंवा झगा खुर्चीवर बसून, आणि शक्यतो जमिनीवर बसून उठून पाहावा. मागची चीर गुडघ्याच्या वर जात असेल, तर तिथे कळी घालावी. नुसती चीर शिवून टाकली, तर पाऊल अडखळते आणि चार दिवसांत शिलाई उसवते. घट्ट कपड्याची लांबी कितीही असली, तरी त्याने मूळ हेतू साधत नाही.

शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या, काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवसासाठी, आणलेला नवा कपडा शुक्रवारी दुपारीच नीट तपासावा. नव्या स्कर्टची चीर आणि कोटाचे खिसे बहुधा धाग्यांनी तात्पुरते बंद केलेले असतात, किमतीची चिठ्ठी लटकत असते, आणि सूर्यास्तानंतर हे धागे तोडता येत नाहीत. सुटलेले बटण तेव्हा शिवता येत नाही, पडलेला डागही धुता येत नाही. म्हणून इस्त्री केलेला दुसरा जोड तयार ठेवावा. जिथे एरूव, म्हणजे शब्बाथला वस्तू बाहेर नेता याव्यात म्हणून वस्तीभोवती आखलेली हद्द, नाही, तिथे बाहेर पडण्यापूर्वी खिशातला रुमाल काढून ठेवायला विसरू नये.

शातनेझ, म्हणजे लोकर आणि जवसाच्या धाग्याचे, ज्याला आपण लिनन म्हणतो त्याचे, मिश्रण लेवीय १९:१९ आणि अनुवाद २२:११ यांत निषिद्ध आहे. जवस आणि ताग या वेगवेगळ्या वनस्पती असल्या, तरी दुकानदार दोन्हींना सरसकट ‘ताग’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. नियम जवसापुरता आहे. सुती-लोकरी किंवा रेशमी-लोकरी मिश्रण चालते. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये, कारण लोकरी कोटाच्या कॉलरमधले आतले कडक कापड लिननचे असू शकते आणि चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नसतो. असा कोट शातनेझ तपासणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. घरातल्या पुरुषांसाठी झब्बा घेताना बाजूची चीर निम्म्याहून जास्त उंचीपर्यंत नाही ना, हेही पाहावे. तशी असेल, तर कपडा चार कोपऱ्यांचा ठरून त्याला त्झीत्झीतची, म्हणजे कोपऱ्यांना बांधायच्या धार्मिक गोंड्यांची, गरज पडू शकते.

डोक्याच्या रुमालाबाबत चूक होते ती कापडाची. रेशमी किंवा सिंथेटिक रुमाल सुंदर दिसतो, पण तासाभरात मागे सरकतो आणि मग दिवसभर हात डोक्याकडेच जातो. आत सुती किंवा मखमली पट्टा बांधून त्यावर रुमाल घेतला, तर तो जागचा हलत नाही. एक साधा सुती रुमाल दाराजवळच्या खुंटीवर कायम अडकवून ठेवावा. धुवायला काढाल, त्याच वेळी तिथे दुसरा लावावा.