सरपंचताई, या चुका टाळा

आरक्षण निघतं, पॅनलवाले उमेदवार शोधत घरी येतात, गुलाल उडतो आणि पंधरा दिवसांत नव्या सरपंचताई विचारतात, "भाषण शिकवणारा एखादा क्लास आहे का हो?" १९९३ पासून गावात एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. इतकी वर्षं हाच प्रश्न कानावर पडतोय. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात पद जायची कारणं भरपूर सापडतील. भाषण येत नाही हे त्यात नाही. पद जातं ते वहीपायी आणि सहीपायी. तेव्हा क्लास नंतर लावा, आधी हे वाचा.

डोंगल दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये

वित्त आयोगाचा पैसा आता चेकने निघत नाही. ग्रामसेवक (२०२४ मध्ये हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात अजून भाऊसाहेबच) ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर बिल टाकतो, आपली डिजिटल सही करून पुढे पाठवतो. दुसरी डिजिटल सही सरपंचाची. ती झाली की रक्कम ठेकेदाराच्या खात्यावर. ही सही म्हणजे पेनड्राइव्हएवढा डोंगल आणि त्याचा पिन. तो दुसऱ्याकडे ठेवणं म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक ओट्यावर ठेवून शेतात जाणं.

गाव कुठलंही असो, गोष्ट ठरलेली. डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्याच्यावरच चिकटवलेल्या चिठ्ठीवर. डिजिटल सही काढताना "ताईंना फोनचं काय कळतंय" म्हणून नोंदणीला मोबाइल नंबरही नवऱ्याचा दिलेला, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. अंगणवाडी दुरुस्तीचं बिल निघतं. जागेवर बघावं तर एक दरवाजा बसवलाय आणि बाहेरून रंगाचा एक हात मारलाय. फरशी, पत्रे, खिडक्या जशाच्या तशा. विरोधी गटातला कुणी तक्रार करतो, चौकशी लागते. त्या तारखेला, त्या वेळेला बाई वावरात कांदा काढत होत्या हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पण संगणकावर सही त्यांची. वसुलीची नोटीस निघते ती सरपंचाच्या आणि ग्रामसेवकाच्या नावाने. नवऱ्याचं नाव कागदावर कुठेच नसतं, त्यामुळे त्याला कुणी विचारतही नाही.

उपाय साधा आहे, फक्त वाईटपणा घ्यावा लागतो. डिजिटल सही काढताना नंबर स्वतःचा द्या. पिन त्याच दिवशी बदला आणि तो मुलाच्या वाढदिवसाचा नको. डोंगल घरी, दागिने ठेवता त्याच कप्प्यात. पेमेंटचा आठवड्यातला एकच वार ठरवा, समजा गुरुवार. सोमवारी कुणी घाई करत आला तर "गुरुवारी" एवढंच म्हणायचं, कारण द्यायचं नाही. गुरुवारी तीन कागद पुढ्यात हवेत: ठरावाची प्रत, मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याने केलेली नोंद आणि बिल. तिन्हींवरचं कामाचं नाव आणि रक्कम जुळली आणि काम डोळ्यांनी बघून झालं असेल, तरच डोंगल लावा. शंभर पानी वहीत तारीख, काम, ठेकेदार, रक्कम अशी एक ओळ लिहा. मार्चअखेरीला "आज नाही केलं तर निधी परत जाईल" म्हणत लोक रात्री नऊला दारात उभे राहतात. काही वेळा ते खरंही असतं. तरी काम न बघता केलेल्या सहीची वसुली होते. परत गेलेल्या निधीची सरपंचाकडून होत नाही.

कोऱ्या प्रोसिडिंगवर सही

शिपाई प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या कामकाजाची, वही घेऊन घरी येतो. "ताई, नुसती हजेरीची सही." तव्यावर भाकरी असते, हात पुसून सही होते. सहीखाली पान कोरं. त्या पानावर पुढे काय लिहिलं जाईल ते लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि सभेच्या अध्यक्ष मात्र तुम्ही.

मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी निघते, गणपूर्तीला (सभा भरायला लागणारी किमान हजेरी) निम्मे सदस्य लागतात. सभा कार्यालयात घ्या आणि वही तिथेच लिहून घ्या. प्रत्येक ठरावाला क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि मतं. शेवटच्या ठरावाला चिकटून सही करा, खाली जागा उरली तर तिच्यावर तिरकी रेघ मारा आणि पानाचा फोटो काढा. अक्षर लागत नसेल किंवा वाचता येत नसेल तर सगळ्यांसमोर म्हणा, "भाऊसाहेब, वाचून दाखवा." यात कमीपणा नाही. उलट मोठ्याने वाचायचं म्हटल्यावर पुष्कळशा ठरावांची भाषा आपोआप सरळ होते.

विषयपत्रिकेच्या तळाशी "ऐनवेळी येणारे विषय" असतात. सगळी गंमत तिथे. साडेपाचला लोक उठू लागतात आणि दोन लाखांची खरेदी "सर्वानुमते" होऊन जाते. पैशाचा विषय ऐनवेळी घेतला जाणार नाही, पुढच्या महिन्याच्या पत्रिकेवर येईल, असं पहिल्याच सभेत सांगून टाका. नवख्या बाई हे सांगताना माफी मागितल्यासारखं बोलतात, तिथेच समोरच्याला धागा सापडतो. शांतपणे सांगा आणि पुढच्या विषयाला लागा.

थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. म्हणून बऱ्याच जणी निर्धास्त असतात. पण सबळ कारण नसताना सभा बोलावल्या नाहीत तर अपात्रता येते, तिला दोन वर्षांचं कवच नाही. हे डाव टाकणाऱ्यांना पाठ असतं. "राहू द्या ताई, पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणणारा दर वेळी तुमच्या काळजीने बोलत नसतो.

महिला सभा कागदावर

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी सकाळी अंगणवाडीत सह्या गोळा करून उरकली जाते. गावातली सगळ्यात मोठी ताकद अशी फुकट घालवू नका. सभा आदल्या दिवशी ठेवा, वेळ मजुरीवरून येणाऱ्या बायकांना विचारून. बचत गटांच्या अध्यक्षांना दोनच विषय ठरवायला सांगा, दहा नको. ते महिला सभेच्या ठरावात लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सूचक कोण, अनुमोदक कोण, हे तिथेच पक्कं करा आणि त्या दोघींना पुढे बसवा. ग्रामसभेची गणपूर्ती १०० किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातला कमी आकडा. साठ बायका आल्या तर सभेचा रंगच बदलतो. पन्नास टक्के आरक्षण असूनही सरपंचबाई एकटीच खुर्चीवर आणि समोर सगळे पुरुष, असं दिसलं की समजायचं, आदल्या दिवशीची मेहनत झाली नाही.

पहिल्याच महिन्यात अतिक्रमण

निवडून आल्यावर अंगात वारं भरतं, थेट भर चौकातल्या टपऱ्यांना हात घातला जातो आणि निम्मं गाव अंगावर येतं. घाईचा शौक असेल तर पाण्यापासून सुरू करा. साठवण टाकीत १००० लीटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे ५०,००० लीटरच्या टाकीला पाव किलो. टाकल्यावर अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. मग ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) टाकीपाशी करू नका, वाडीवस्तीवरच्या अगदी शेवटच्या नळाला करा. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचतंय. पांढरंच राहिलं तर पावडर तरी जुनी आहे (उघड्या पोत्यात दम निघून जातो), नाहीतर टाकलेलीच नाही. जलसुरक्षकाबरोबर (गावचं पाणी बघणारा माणूस) आठ दिवस रोज सकाळी जा, रोज वेगळ्या दारात टेस्ट करा. महिनाभरात बायका नळाची तक्रार तुमच्या नवऱ्याकडे न नेता तुमच्याकडे आणतील.

बाकीच्या, एकेका ओळीत

कार्यालयात टेबलाच्या आतल्या बाजूला दोन खुर्च्या ठेवू नका. दुसरी असली की सरपंचपती तिच्यावर बसतात.

फलकावर नंबर स्वतःचा लिहा. फोन नवरा उचलत असेल तर सरपंच तोच.

चार्ज घेताना नमुना १ ते ३३, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ठरलेल्या नोंदवह्या, मोजून, बँक पासबुकातली शिल्लक लिहून, मगच सही. नमुना ५, म्हणजे रोकड वही, महिन्यातून एकदा पासबुकाशी जुळवा.

स्वनिधीतले (ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले) १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. मार्चमध्ये शिलाई मशीन वाटून मोकळं होण्याआधी बायकांना काय हवंय ते विचारा.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत. हरलेल्या पॅनलचं लक्ष याच तारखेवर असतं.

राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधतेचा पाठपुरावा स्वतः करा. जातीचा दाखला माहेरच्या नावाने, उमेदवारी सासरच्या नावाने, आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा पुरावा फाइलमध्ये नाही, इथे प्रकरण अडकतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आधीच जोडा आणि अर्जाची पोच डोंगलशेजारी ठेवा.